दोन नंबरचा माणूस

परवा रात्री मी जुनं स्टार ट्रेक बघत बसले होते, ते साठच्या दशकातलं, पुठ्ठ्याचे खडक आणि जांभळे दिवे वालं. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता म्हणून आवाज जरा मोठाच ठेवला होता. एपिसोड शेवटाला आलेला, एका परक्या ग्रहावर बायकांचे खून होतायत, यानाचा इंजिनियर बिचाऱ्या स्कॉटीवर आळ आलाय, आणि शेवटी कळतं की तिथला जो टकला, गोल चेहऱ्याचा, एकदम सभ्य सरकारी अधिकारी चौकशी करत फिरतोय ना, त्याच्याच अंगात ते भूत बसलंय. साधंसुधं भूत नाही, लंडनचा तो कुप्रसिद्ध खुनी जॅक द रिपर, शतकानुशतकं शरीरं बदलत इथवर आलेला. तर तो माणूस किंचाळत होता, सगळे मरा सगळे मरा असं काहीतरी, आणि शेजारच्या खोलीतून लेक ओरडली, "आई, पिगलेटला काय झालं?"

मी पॉज केलं. ती आली, स्क्रीनवर बघितलं, टकला माणूस तोंड वासून थांबलेला. "हा पिगलेट नाहीये गं, हा खुनी आहे." तर ती एकदम शांतपणे, "पण आवाज त्याचाच आहे ना," आणि गेली परत झोपायला.

आता लहान मुलांना अशा वेळी आपण हो गं बाई झोप आता म्हणतो आणि विसरतो, पण मला ते विसरता येईना. कारण तिचं बरोबर होतं. शोधलं तर निघालाच. जॉन फीडलर. विनी द पूह ह्या पोरांच्या कार्टूनमधलं ते डुकराचं पिल्लू, गुलाबी, पट्ट्यापट्ट्यांचा, वारा आला तरी उडून जाणारा पिगलेट, १९६८ पासून २००५ पर्यंत बहुतेक सगळ्या डिस्नेच्या पूहपटांत त्याचा आवाज ह्या माणसाचा. आणि जॅक द रिपरवाला एपिसोड दाखवला गेला डिसेंबर १९६७ मधे, म्हणजे पिगलेट पहिल्यांदा बोलायच्या बरोबर वर्षभर आधी. तोच आवाज. बदललेला नाही, जाड केलेला नाही, काही नाही. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जी बारीक फुसफुस असते ना, तसा वर चढलेला, किंचित थरथरता आवाज, बोलायच्या आधीच माफी मागून ठेवल्यासारखा.

मग पुढचे काही दिवस मी ह्या माणसाच्या मागे लागले. नवरा म्हणाला आता हा कोण नवीन, मी म्हणलं नवीन नाहीये, वीस वर्षांपूर्वी वारला.

खरंतर ह्याला आपल्यापैकी बऱ्याच जणांनी बघितलंय. 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' बघितलाय ना? किंवा तो नाही तर बासू चटर्जींचा 'एक रुका हुआ फैसला' तरी, पंकज कपूर, अन्नू कपूर, के. के. रैना वगैरे, दूरदर्शनच्या पिढीला सांगायला नको. एक खोली, एक टेबल, बारा माणसं, आणि एका पोराच्या फाशीचा निर्णय. १९५७ च्या इंग्रजी सिनेमात फोरमनच्या, म्हणजे ज्युरीच्या प्रमुखाच्या, शेजारी बसलेला चष्मेवाला बुटका म्हणजे फीडलर. ज्युरी नंबर दोन, बँकेत कारकून. त्याला नाव नाही. म्हणजे जवळजवळ कुणालाच नाही, शेवटी कोर्टाच्या पायऱ्यांवर हिरो हेन्री फाँडा आणि ज्युरीतला एक म्हातारा एकमेकांना नाव सांगतात तेवढंच, बाकी दहाजण नंबरावरच घरी जातात. ह्या सिनेमाबद्दल बोलताना सगळे फाँडाचं बोलतात, ली जे. कॉबचं बोलतात, दोन नंबरचं कोणी बोलत नाही. तो खोकल्याच्या गोळ्या वाटत असतो. सुरुवातीला त्याला विचारतात की तुला पोरगा दोषी का वाटतो, तर त्याला धड सांगताच येत नाही, म्हणतो की मला वाटलं ते उघडच आहे, उलट कुणी सिद्ध केलं नाही. फाँडा म्हणतो उलट सिद्ध करायची जबाबदारीच त्याच्यावर नसते. तर हा लगेच, हो हो ते माहितीये मला, असं करून आत ओढून घेतो स्वतःला. तो क्षण परत बघा. मीटिंगमधे बॉसने विचारल्यावर आपलं जे होतं ते अगदी तसंच्या तसं. चेहरा आधी मान हलवतो आणि मग वाक्य येतं.

पण गंमत पुढे आहे. तो लंगडा म्हातारा साक्षीदार पंधरा सेकंदात दारापर्यंत पोचला होता का हे बघायचं असतं तेव्हा सेकंदकाटा असलेलं घड्याळ निघतं ते ह्याच्याच मनगटावर. फाँडा पाय ओढत चालतो, सगळे गर्दी करून बघतात, आणि आकडा सांगायचं काम ह्याचं, एक्केचाळीस. आणि मग आणखी पुढे, पुरावे सगळे उलटेपालटे झालेत, सगळे दमलेत, तेव्हा हा भीतभीत म्हणतो की मला एक गोष्ट मगासपासून खटकतीये. चाकूची जखम. बाप पोरापेक्षा चांगला अर्धा फूट उंच, आणि वार वरून खाली झालेला. बुटक्या माणसाने उंच माणसाच्या छातीत वरून खाली चाकू मारणं अवघड नाही का? मला हे दुसऱ्यांदा बघताना क्लिक झालं, की हे सुचलं कुणाला, तर त्या खोलीतल्या बुटक्याला. बाकीच्यांना सुचणारच नव्हतं. ज्याने आयुष्यभर मान वर करून बोललंय त्यालाच कळतं की वरच्याच्या छातीपर्यंत हात न्यायचा म्हणजे काय. त्यावरून मग जॅक क्लगमनचा झोपडपट्टीत वाढलेला पाच नंबर दाखवतो की असा चाकू खालून मारतात. वाक्य दोन नंबरचं, टाळ्या पाच नंबरला. चालायचंच.

त्या काळातल्या अमेरिकन कॅरेक्टर ॲक्टरचं आयुष्य असंच चालायचं बहुतेक. फीडलर १९२५ चा, विस्कॉन्सिनमधल्या प्लॅटव्हिल नावाच्या गावात जन्मलेला. दुसऱ्या महायुद्धात नेव्हीत, मग न्यूयॉर्कला नेबरहूड प्लेहाऊसमधे नटाचं शिक्षण. मग रेडिओ. रेडिओवर ह्या आवाजाला काम मिळालं नसतं तरच नवल. मग टीव्ही, 'टॉम कॉर्बेट' नावाची पोरांची अंतराळ मालिका, न्यूयॉर्कमधून लाइव्ह व्हायची, चुकलात तर चुकलात, घरोघर दिसलं. त्याच वेळी रंगभूमीपण, १९५४ ला चेखॉव्हचं 'द सीगल', माँटगोमेरी क्लिफ्टबरोबर, तिथे हा गरीब शाळामास्तर. आणि पुढे धो धो. वेस्टर्न, हेरगिरी, कोर्टाचे सीन, कॉमेडी, दर आठवड्याला कुणीतरी बँकवाला, कुणीतरी हॉटेलचा मॅनेजर, कुणीतरी शेजारी लागायचाच. आपण हिरोंच्या सिनेमांची यादी पाठ करतो, पण ह्या लोकांची यादी वाचायला घेतली तर बोट दुखतं स्क्रोल करून. एकेका कामाला किती दिवस, तीन, चार? परत घरी, परत फोनची वाट. ह्याला करिअर म्हणायचं की रोजंदारी मला ठरवता येत नाही, आणि नटांमधे तरी हा फरक असतो का कोण जाणे.

आणि काम देणाऱ्यांना हा कशासाठी हवा असायचा ते लगेच लक्षात येतं. जॉन वेनच्या 'ट्रू ग्रिट' मधे ती चौदा वर्षांची आगाऊ पोरगी पूर्ण सिनेमाभर प्रत्येकाला धमकावत असते, माझे वकील डॅगेट बघून घेतील तुम्हाला. मोठमोठे पुरुष दचकतात. आपल्या डोक्यात हा डॅगेट एव्हाना सहा फुटी, मिशावाला झालेला असतो. आणि शेवटी डॅगेट प्रत्यक्ष येतो तो म्हणजे फीडलर. एवढाच जोक, पण तो दीड-दोन तास शिजवलेला आहे आणि नुसतं ह्याने दारात येऊन उभं राहायचंय. 'द बॉब न्यूहार्ट शो' मधे तो मिस्टर पीटरसन, मानसोपचारतज्ज्ञाच्या ग्रुपमधला बायकोला टरकून असलेला पेशंट. 'द ऑड कपल' मधे, आधी ब्रॉडवेला आणि मग १९६८ च्या सिनेमात, पत्त्यांच्या अड्ड्यावरचा विनी, ज्याला बारा वाजता घरी जायचं असतं. आणि मला सगळ्यात आवडलेलं, 'ट्वायलाइट झोन'चा १९६० च्या ख्रिसमसचा एपिसोड, ज्याच्या नावातच दीनदुबळ्यांची रात्र आहे, त्यात दीनदुबळा हा नाहीच! दीनदुबळा आर्ट कार्नी, दारू पिऊन तर्र झालेला दुकानातला सांताक्लॉज, आणि फीडलर त्याला नोकरीवरून काढणारा मॅनेजर. तोच बारीक आवाज आता हाताखालच्या माणसावर चालवलेला. मॅनेजर लोकांचं ओरडणं असंच तर असतं, घाबरलेल्याचं. त्यांच्याही वर कुणीतरी असतो.

आपल्याकडे नटाची तारीफ करायची म्हणजे काय म्हणतात, ओळखूच आला नाही हो. मिशी लावली, वजन वाढवलं, बोली बदलली, व्वा. मीपण म्हणते. फीडलरच्या बाबतीत उलटं आहे, हा प्रत्येक ठिकाणी पहिल्या वाक्यात ओळखू येतो, सात वर्षांच्या पोरीला भिंतीपलीकडून ओळखू आला. त्याने स्वतःला हलवलंच नाही. त्याला उचलून दुसऱ्या खोलीत ठेवला की माणूस बदलायचा. ज्युरीच्या खोलीत ठेवला की त्याच भित्रेपणाचा धीर होतो, जंगलात ठेवला की लाड येतात, दुकानात ठेवला की चीड येते. आणि एका घराच्या दारात ठेवला तर काय होतं त्याबद्दल मला खरंतर लिहायचं होतं.

त्याआधी एक, कारण फीडलर म्हणलं की कुणी ना कुणी हे पाठवतंच. पूहमधल्याच टिगर वाघाचा आवाज पॉल विंचेल गेला २४ जून २००५ ला, आणि पिगलेटचा आवाज फीडलर दुसऱ्या दिवशी, २५ जूनला. ह्यावर रडक्या चित्रांच्या पोस्ट फिरतात, ढगावर टिगर, मागून पिगलेट. असो. योगायोग मोठा आहे, नाही म्हणत नाही, पण त्यात ह्या माणसाचं ऐंशी वर्षांचं आयुष्य गुंडाळून टाकायचं म्हणजे अती झालं.

तर ते दार. लॉरेन हॅन्सबेरीचं नाटक, 'अ रेझिन इन द सन', ब्रॉडवेला मार्च १९५९ ला आलं, ५३० प्रयोग झाले. शिकागोच्या साउथ साइडमधलं यंगर कुटुंब, काळी माणसं, दाटीवाटीत राहणारी, बापाच्या विम्याचे पैसे आलेत आणि आईने एक छोटं घर बुक केलंय. गोऱ्या वस्तीत. खोकी बांधणं चालू आहे. आणि बेल वाजते. पुढे सिडनी पॉइतिएचा वॉल्टर म्हणजे घरातला मुलगा, त्याची बायको रूबी डीची रूथ, बहीण डायना सँड्सची बेनिथा, आणि दारात टोपी हातात घेतलेला कार्ल लिंडनर म्हणजे फीडलर. त्या नाटकात गोरा नट हा एकटाच.

तो काय करतो? काही नाही करत. ओरडत नाही, शिवी देत नाही. आत या म्हणल्यावर येतो, बसा म्हणल्यावर बसतो, काही घेणार का विचारल्यावर गडबडून नको नको म्हणतो. सांगतो की मी तिथल्या रहिवाशांच्या संघटनेकडून आलोय, आमची नव्या लोकांचं स्वागत करणारी एक कमिटी आहे. रूथ खूश होते. खरोखर खूश होते, आणि ते बघवत नाही. मग हा बोलत जातो, बोलत जातो, माणसांनी एकमेकांशी बोललंच पाहिजे, बोललं की सगळं सुटतं, आमचे लोक साधे कष्टकरी आहेत, श्रीमंत नाहीयेत, पोटाला चिमटा काढून घरं बांधलीयेत. ह्यातलं एकही वाक्य खोटं नाही! आणि आपली मान हलत असते. म्हणजे तुम्ही विचार करा, ह्याच आवाजाला आपण जन्मभर बिचारा म्हणत आलोय, त्यामुळे त्याला मधे तोडवत नाही, त्याला अवघड वाटतंय म्हणून आपल्यालाच अवघड वाटतं. आणि मग तो मुद्द्यावर येतो की घर आम्ही तुमच्याकडून परत विकत घेतो, तुमचा फायदा होईल असा भाव देतो, फक्त तुम्ही येऊ नका. वॉल्टर चालता हो म्हणतो तर हा दुखावला जातो. मनापासून दुखावला जातो हो! जाताना टेबलावर कार्ड ठेवतो आणि समजावतो की माणसांची मनं जबरदस्तीने बदलता येत नसतात.

हॅन्सबेरीने हे हवेतून नाही आणलं. तिच्या वडिलांनी १९३७ मधे शिकागोत असंच गोऱ्या वस्तीत घर घेतलं, ती तेव्हा लहान, घरावर जमाव चालून आला, आणि घरांच्या कागदपत्रांमधेच काळ्यांना विकायचं नाही असे करार असायचे त्यावरून खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, १९४० ला तिथे ते जिंकलेपण, तेही एका तांत्रिक मुद्द्यावर. पुढे १९४८ च्या दुसऱ्या निकालात कोर्टाने सांगून टाकलं की असले करार आम्ही अंमलात आणून देणार नाही. आता हे लक्षात घेऊन परत लिंडनरकडे बघा. १९५९ ला त्याच्या हातात कायदा उरलेलाच नाहीये. म्हणून तर टोपी हातात आहे. म्हणून तर पैसे आणि गोड बोलणं. ज्याच्या मागे पोलीस येऊ शकतात त्याला एवढं नम्र व्हायची गरज नसते. आणि ह्या कामाला संघटनेने धिप्पाड माणूस पाठवला असता तर यंगरांनी पहिल्या मिनिटाला हाकलला असता. त्यांनी पिगलेट पाठवला.

मी काही वर्षांपूर्वी एका मैत्रिणीबरोबर भाड्याचा फ्लॅट बघायला गेले होते. आडनाव मुसलमान आहे तिचं. मालक तयार होता, टोकनचं ठरलं होतं, आणि मग सोसायटीतले एक काका भेटायला आले. बारीक अंगाचे, हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं. सोसायटीचं नाव सांगत नाही. इतके छान बोलले. पाण्याला त्रास नाही म्हणाले, लिफ्ट नवीन आहे म्हणाले, शाळा जवळ. मग म्हणाले की तसा काही नियम नाहीये हो आमच्याकडे, माझं स्वतःचं तर काहीच नाही, माझे कॉलेजचे किती मित्र आहेत तुमच्यातले, पण चार लोकं असतात ना, उगाच तुम्हालाच ऑकवर्ड होईल. तुम्हालाच! मैत्रीण हसून थँक यू म्हणाली, खाली आल्यावर स्कूटीची किल्ली तिला लागेना. आणि मला जे आठवून अजून विचित्र वाटतं ते हे, की मला ते काका आवडले होते. आत्ताही चेहरा आठवला की चांगलाच माणूस आठवतो. त्यांना ते काम करताना घाम आला होता, रुमाल काढून पुसला. नाटकातला वॉल्टर ज्या तिडकीने चालता हो म्हणतो ती तिडीक त्या माणसासमोर कुठून आणायची?

फीडलरचं काम मला म्हणून भारी वाटतं, आणि भीतीदायकपण. व्हिलन करायचा म्हणून डोळे बारीक करणं, ओठ मुडपणं, हे त्याने केलं असतं तर प्रेक्षक सुटले असते, हां हा वाईट, कळलं. तो प्रेक्षकांना सोडत नाही. ज्युरीच्या टेबलावर जो चष्मेवाला आपल्याला स्वतःसारखा वाटला होता तोच इथे आलाय, चारच वर्षांनी, कारण ह्या नाटकावरचा सिनेमा, त्यातही लिंडनर हाच, १९६१ चा. बँकेतला तो कारकून असाच कुठल्यातरी गल्लीत राहत असणार, पोटाला चिमटा काढून घर बांधलं असणार, आणि कमिटीने विचारलं असतं तर गेलाही असता कदाचित. पोराचा जीव वाचवणारा आणि घराचा सौदा मोडायला जाणारा एकच माणूस असू शकतो ही गोष्ट मला एरवी कुणी लेक्चर देऊन सांगितली असती तर पटली नसती.

नाटकाच्या शेवटी लिंडनर परत येतो, कागदं घेऊन, कारण वॉल्टरनेच पैसे बुडाल्यावर त्याला बोलावून घेतलेलं असतं. वॉल्टर ऐनवेळी नाही म्हणतो, आम्ही राहायला येणार. तेव्हा हा आईकडे वळतो, तुम्ही मोठ्या आहात, तुम्हाला कळतंय मी काय म्हणतोय ते. आई दाद देत नाही. मग निघताना एवढंच म्हणतो की तुम्ही कशात उडी घेताय हे तुम्हाला माहिती असेल अशी आशा आहे. हे वाक्य धमकीसारखं म्हणता येतं. फीडलरचा तो आवाजच असा की ते काळजीसारखं वाटतं, आणि मला ते जास्त वाईट वाटलं.

नंतर १९८९ ला हे नाटक अमेरिकेत परत टीव्हीसाठी केलं, वॉल्टर डॅनी ग्लोव्हर, आई एस्थर रोल, तीस वर्षं मधे गेलेली त्यामुळे घरातली सगळी माणसं नवीन. लिंडनर मात्र परत फीडलरच. पहिल्यांदा त्या दारात उभा राहिला तेव्हा चौतीस वर्षांचा होता, आता साठी उलटलेली, टक्कल तेवढंच. हे लागलं पीबीएसवर. आणि त्याच सुमाराला एबीसीवर शनिवारी सकाळी पूहची नवी कार्टून मालिका चालू होती, त्यात पिगलेटही हाच. म्हणजे कितीतरी घरांत पोरांनी सकाळी ते बघितलं असणार आणि आईबापांनी रात्री हे.